कार्तिगैतला गिलावा

शेवटचं आम्ही नवराबायकोनं मिळून काय केलं, तर खाटा ओढल्या. तुळजानं उशाकडून धरायचं, मी पायथ्याकडून. वसतिगृहाच्या वरच्या हॉलमध्ये नव्या लोखंडी खाटा आल्या होत्या, एकीवर एक जोडलेल्या. मजुरांनी त्या भिंतीला चिकटवून लावल्या होत्या, रांग सरळ दिसते म्हणून. मागून वारा फिरायला पाहिजे, तर त्या वीतभर पुढं घ्यायला हव्या होत्या. ती एक खाट ओढायची आणि दुसरीवर बसायची. छातीत शिट्टी वाजायची तिच्या.

"बस जरा," मी म्हणालो.

"बसलेलीच आहे. उभे तुम्ही आहात."

"राहिलेल्या उद्या ओढू."

"उद्या तुमची कंबर कुठं असेल कोण जाणे. आज आहे तोवर ओढा."

मग उठली. भिंतीवर तळवा ठेवला, तळव्याचा वास घेतला, पदराला पुसला. बाहेर पाऊस लागून राहिला होता. खिडकीतून समोरच्या गोपुराची एक बाजू दिसायची, तीही काळी भिजलेली. सगळ्या खाटा ओढून झाल्या तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. खाली येऊन तिनं मिरीचं रसम केलं. मी दोनदा भात घेतला. तिनं नुसतं रसम वाटीतून प्यायलं. एवढंच. त्यात जपून ठेवावं असं काही नव्हतं, तरी तेच राहिलं आहे.

यंदाही पाऊस आला. तुमच्याकडे महाराष्ट्रात तो ज्येष्ठ-आषाढात येतो म्हणतात. आमच्या कुंभकोणम्‌ला खरा पाऊस दिवाळी बुडवायला येतो. ऐप्पसि महिना आणि त्याच्या मागून येणारा कार्तिगै. आकाश खाली उतरतं आणि तिथंच बसतं. धुतलेलं धोतर सुकत नाही. काडेपेटी पेटत नाही. चपलांवर हिरवी लव येते. तांदळाच्या डब्यात हात घातला तर दाणे बोटांना चिकटतात. लहानपणी मला हे दिवस आवडायचे, आता आवडत नाहीत.

मी रंगोजी. मुलींच्या वसतिगृहाचा राखणदार. आमचे पूर्वज तंजावूरच्या मराठा राजाबरोबर घोड्यावर बसून इकडे आले असं वडील सांगायचे. मला सायकलसुद्धा धड येत नाही. शाळा झाली ती तमिळ, पाचवीपर्यंत. ही मराठी अक्षरं वडिलांनी पोथीवर बोट ठेवून शिकवली. घरात आम्ही मराठी बोलतो, उंबऱ्याबाहेर तमिळ. एकदा पुण्याहून कुणी पाहुणे आले होते, ते आमचं बोलणं ऐकून हसले. मला राग आला. तुळजा म्हणाली, "हसू द्या की. कळलं म्हणून हसले ना?"

वसतिगृह आमच्याच मराठी मंडळींच्या ट्रस्टचं. पूर्वी इथं आमची मुलं राहायची. ती शिकून लांब गेली, आता कॉलेजच्या तमिळ मुली राहतात. इमारत जुनी. पातळ विटा, चुना, हातभर जाड भिंती, छताच्या खाली झरोके. ते झरोके कधी बंद होत नसत. चिमण्या यायच्या, पाऊसही थोडा यायचा. जेवढा यायचा तेवढा जायचा. मग केव्हातरी ट्रस्टला वाटलं, हे खेडवळ दिसतं. झरोके बुजवले. चुन्यावर सिमेंट थापलं, सिमेंटवर चकचकीत रंग दिला. पहिलं वर्ष सगळ्यांनी वा वा केली. दुसऱ्या पावसात रंगाला फोड आले. फोड दाबला की आतून पाणी यायचं. तिसऱ्या पावसात कोपऱ्यातून काळं सुरू झालं.

ज्यानं बुरशी फक्त लोणच्यावर पाहिली आहे त्याला ही कळायची नाही. लोणच्यावरची काढून फेकता येते. भिंतीची बुरशी पुसली की आठवड्यात तिथंच उगवते, जास्त जागा घेऊन. कपाटामागं, गाद्यांखाली, पुस्तकांच्या पाठीवर. तिला वास असतो. वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या विहिरीसारखा. मुली सुट्टीहून परत आल्या की दारातच नाक मुरडायच्या आणि दोन दिवसांनी त्यांना वास येईनासा व्हायचा. मला हे जास्त वाईट वाटायचं. नाक सवय करून घेतं, छाती करत नाही.

शुक्रवारी मुली डोक्यावरून तेल लावून न्हायच्या. न्हाऊन आल्या की तुळजा मातीच्या धुपाटण्यात निखारे घ्यायची, वर ऊद टाकायची, आणि एकेकीचे केस टोपलीवर पसरून त्या धुरावर सुकवायची. मुली तिला पाटी म्हणायच्या, म्हणजे आजी. आम्हाला मूल झालं नाही. ती त्याबद्दल बोलायची नाही आणि मीही नाही. शुक्रवारी मात्र त्या कामातून तिला कुणी उठवलेलं खपायचं नाही.

"पाटी, माझे आधी. मला बस आहे."

"बस थांबेल. सर्दी थांबते का?"

केस झाले की तेच धुपाटणं घेऊन ती सगळ्या खोल्यांत फिरायची. खाटांखाली, कपाटांमागे. धूर कोपऱ्यांत साचायचा आणि तासाभरासाठी त्या घराला देवळाचा वास यायचा. मग पुन्हा विहिरीचा.

मलर नावाची एक मुलगी होती, म्हणजे आहे. सुंदरपेरुमाळ कोयिल गावची, शेतकऱ्याची. तिची खाट कोपऱ्यात, सगळ्यात काळ्या भिंतीशी. ती गावी गेली की खोकला बंद, इथं आली की सुरू. वर्षभर आम्ही म्हणत राहिलो, शहराचं पाणी सोसत नाही तिला. एकदा वर्गातून तिला दोघींनी धरून आणलं. ओठ निळे पडले होते. तुळजानं तिला उठवून बसवलं, पाठीला स्वतःची पाठ लावून बसली, आणि दोघींच्या छात्या एकाच सुरात वाजत होत्या. तुळजाला हा त्रास जुनाच. ती मला म्हणाली, "माझं वय झालं. हिचं काय झालं?"

त्यानंतर ट्रस्टनं दुरुस्ती काढली. खोटं कशाला बोलू, मनापासून काढली. ट्रस्टचे सेक्रेटरी सेतुराव. बँकेतून निवृत्त झालेले, कोट घालणारे, पण माणूस वाईट नाही. त्यांनी तंजावूरहून इंजिनीअर बाई आणली. सेल्वी तिचं नाव. मला नात असती तर तिच्या वयाची. शिडीवर सरसर चढायची. तिनं आधी रंगाचं नावच काढलं नाही. म्हणाली, आधी पाणी कुठून येतं ते बघू. गच्चीच्या पन्हाळ्यांत पिंपळाची रोपं उगवली होती, ती काढायला लावली. न्हाणीघराचा फुटका नळ बदलला. मग ओला सिमेंट गिलावा कंबरेच्याही वर खरवडून विटेपर्यंत नेला. मजुरांच्या तोंडाला फडकी बांधायला लावली आणि तुळजाला म्हणाली, "अम्मा, हे चालू असताना तुम्ही इकडे यायचं नाही."

"मग चहा कोण देईल तुला?"

"चहा नको. तुम्ही नको."

तुळजा फाटकाशीच थांबायची आणि चहा हातानं लांबवर धरायची.

झरोके परत उघडले. न्हाणीघरांना वारा ओढणारे पंखे बसले. कपाटांना पाय आले. मुलींचे ओले कपडे आता खोलीत दोरीवर नाहीत, गच्चीवर पत्र्याखाली. आणि भिंतींना पुन्हा चुना. मला वाटलेलं, शिकलेली बाई आहे, चुन्याला नावं ठेवील. तिनंच मला समजावलं की जुन्या विटेला चुनाच पाहिजे, तो पाणी घेतो तसा सोडतोही. वर चुन्याचीच सफेदी, चकचकीत रंग नको. आणि भिंत आतून सुकेपर्यंत थांबा. ट्रस्टनं बाईंचं सगळं ऐकलं. थांबायचं तेवढं राहिलं.

त्यात चूक कुणा एकाची नव्हती, ती आमच्या पंचांगाची होती. काम उन्हाळ्यात ठरलं. हिशेबाचं, मजुरांचं जुळेपर्यंत आडि महिना लागला, म्हणजे आपला आषाढ. आडित आम्ही नवं काम सुरू करत नाही. इथं कुणीच करत नाही, तमिळ नाही, मराठी नाही. म्हणून पुढच्या आवणि महिन्यात कुदळ पडली. पाडून, खरवडून, पन्हाळं दुरुस्त होईतो ऐप्पसि आला. गिलावा लागला तो भर पावसात. आणि पुढं मार्गळि, म्हणजे आपला धनुर्मास. धनुर्मासात देव उठतात, माणसानं नव्या घरात जायचं नाही. तेव्हा उद्घाटन कार्तिगै संपायच्या आत. शेवटचा मुहूर्त धरला. चांगले दिवस टाळत टाळत आम्ही नेमके सगळ्यात ओले दिवस निवडले आणि त्याला शुभ म्हटलं. माझ्या बापानं हेच केलं असतं. मीसुद्धा केलं असतं, छातीत शिट्टी वाजणारी बायको जवळ नसती तर.

मुहूर्तासाठी चकचकीत रंगही आला. पाहुणे येणार, फोटो निघणार, चुन्याची सफेदी कपड्याला लागते. सेल्वीनं खालच्या हॉलच्या भिंतीवर प्लॅस्टिकचा एक चौकोन चारही बाजूंनी चिकटवला. दुसऱ्या दिवशी सेतुरावांना बोलावून दाखवलं. प्लॅस्टिकच्या आत थेंबच थेंब, भाताच्या झाकणासारखे.

"हे पाणी भिंतीतलं आहे, सर. वरून रंग लावला की आत कोंडणार. तई महिन्यापर्यंत, संक्रांतीपर्यंत थांबू या. उत्तरेचा कोरडा वारा सुटेल."

सेतुरावांनी चष्मा काढून पुसला. "बाई, तुमचं प्लॅस्टिक खरं आहे. पण आमची मार्गळिसुद्धा खरी आहे. कॉलेज म्हणतं, आता जागा दिली नाहीत तर मुली दुसरीकडे ठेवू. मग ही इमारत कुणासाठी?"

त्यांचंही खोटं नव्हतं. मुली तोवर एका मंगल कार्यालयात चटयांवर झोपत होत्या. दाटीवाटीनं, पण कोरड्यात. मलर तिथं खोकत नव्हती. हे तुळजानं मला चार वेळा सांगितलं. मी ते सेतुरावांना सांगितलं. ते म्हणाले, "रंगोजी, तू आता डॉक्टर झालास का?" रंग लागला.

उद्घाटनाला नव्या वास्तूत दूध उतू घालतात. ते सवाष्णीनं करायचं, वयानं मोठ्या. तुळजाचं नाव ठरलं होतं. नाचियार्कोविल्‌हून पितळेची समईही आली. तुळजानं सांगून पाठवलं की ती येणार नाही.

"काय कारण सांगू?" मी विचारलं.

"सांगा, म्हातारीला दम लागतो."

"खरं कारण?"

"तेच खरं कारण आहे."

सेतुरावांनी ऐकलं आणि म्हणाले, बरं, दुसरी सवाष्ण बघू. आमच्यात सवाष्णींना तोटा नाही. संध्याकाळी तुळजा निवडलेली तूर परत निवडत बसली होती. म्हणाली, "त्या मुलीची खाट पुन्हा कोपऱ्यातच लावणार ते. नावं चिकटवून झाली आहेत." मग म्हणाली, "खाटा तरी ओढू."

काम चाललं होतं तेव्हा आम्ही फाटकाजवळच्या खोलीत राहायचो. तीही नवी लिंपलेली. सामानाची राखण करायला कुणी तरी हवं होतं. तुळजाची गादी मी रोज उन्हात टाकीन म्हणायचो, ऊन कुठं होतं? भिंतीनं तिला मारलं असं मी म्हणत नाही. डॉक्टरनंही म्हटलं नाही. तो म्हणाला, वय, जुना दमा, छातीत पाणी. पाणी कुठून आलं हे मी विचारलं नाही, त्यानं सांगितलंही नसतं. भिंतीनं मारलं नाही असंही मी म्हणत नाही.

यंदाच्या पावसात सेल्वी येऊन गेली. प्लॅस्टिकचा चौकोन घेऊन आली होती. वर, खाली, माझ्या खोलीत, तिन्हीकडे चिकटवला. दुसऱ्या दिवशी काढला तर आत काही नाही. कोरडं. चकचकीत रंग तईच्या आधीच खरवडून टाकला होता, आता सफेदी आहे. मुलींच्या ओढण्यांना पांढरं लागतं, त्या कुरकुरतात. मलर खोकते, पण कधीतरी. तिसऱ्या वर्षाला आहे. मला ताता म्हणते, म्हणजे आजोबा, आणि शुक्रवारी धुपाटणं स्वतःच पेटवते. निखारे जास्त घेते.

सेल्वी म्हणाली, "अय्या, भिंती चांगल्या सुकल्या. पुरा एक कोरडा मोसम मिळाला त्यांना."

मिळाला. कसा मिळाला ते तिलाही ठाऊक आहे. चहाचा पेला स्वतः धुऊन ठेवला आणि गेली. मी भिंतीकडे बघत बसलो. चांगली भिंत आहे. तिच्याकडे बघून मला एकदाही बरं वाटलेलं नाही.

खाटा ओढल्या त्याच रात्री तुळजाला आडवं होता येईना. रिक्षानं दवाखान्यात नेलं. उजाडायच्या आत गेली. माझं नाव तिनं आयुष्यात घेतलं नव्हतं, तेव्हाही घेतलं नाही. हातातला माझा अंगठा सोडला, त्यावरून मला कळलं.

सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात सेतुराव आले. पायजम्यावरच आले होते, कोट नव्हता. माझ्यासाठी कॉफी आणली होती. शेजारी बसले. एक नर्स जाताना म्हणाली, सवाष्ण गेली, पुण्यवान. मी म्हणालो, पुण्यवान असती तर श्वास घेतला असता. ती निघून गेली.

"रंगोजी," सेतुराव म्हणाले, "मी एक सांगू? रागावू नकोस. तिला इथूनच कावेरीवर नेऊ. गाडी मी सांगतो, भटजी मी आणतो. सगळं नीट करू. तुला काही बघावं लागणार नाही."

"घरी नको?"

ते कपाकडे बघत राहिले. "घर म्हणजे तिथंच ना. परवा मुहूर्त आहे. एकदा तिथं मयत आलं की तेरा दिवस काही करता येत नाही. तेरा दिवसांनी मार्गळि लागलेली असेल."

"म्हणजे तई."

"म्हणजे तई," ते म्हणाले. "तोपर्यंत मुली गेल्या तर?"

मी काय विचार केला ते नीट सांगतो, कारण नंतर लोकांनी आपापल्या परीनं सांगितलं. आधी एवढंच वाटलं की बायको आपल्या दारातून जाते, दवाखान्याच्या मागच्या दारानं नाही. मग त्यांनी तई म्हटलं आणि मला भिंत दिसली, प्लॅस्टिकवरचे थेंब दिसले, कोपऱ्यातल्या खाटेवर चिकटवलेलं नाव दिसलं. दोन्ही वाटलं. कुठलं जास्त, ते मला आजही ठरवता येत नाही, आणि तुळजाला विचारायची सोय नाही.

"मुली कोरड्यात आहेत," मी म्हणालो. "तिला घरी नेतो."

"रंगोजी, ट्रस्टचं ऐकत नाहीस?"

"सेतुराव, तुम्ही सवाष्ण दुसरी बघणार होतात. मला बायको दुसरी नाही."

ते उठले नाहीत. गाडीवाल्यानं तमिळमध्ये विचारलं, मसणात का? मी म्हणालो, वसतिगृहात. त्यानं सेतुरावांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, पण नाही असंही म्हणाले नाहीत.

आमच्या खोलीत तिला ठेवायला जागा नव्हती. मी खालच्या हॉलचं कुलूप काढलं. मध्ये दुधाच्या चुलीसाठी तीन विटा मांडल्या होत्या, भोवती रांगोळीचा आकार काढून ठेवला होता. मी विटा उचलून बाजूला ठेवल्या, तिथंच चटई टाकली. गाडीवाल्यानं आणि मी तिला आणलं. दक्षिणेला डोकं केलं. साडी गुडघ्यापाशी वर सरकली होती, ती खाली ओढली. पाऊस थोडा थांबला होता. झरोक्यातून उजेड तिच्या पायांवर पडत होता.

सेतुराव मागून आले. दाराबाहेर चपला काढून उभे राहिले, आत येईनात. तिच्याकडे बघितलं, विटांकडे बघितलं, मग रंगवलेल्या भिंतीकडे बघितलं. खिशातून फोन काढला.

"दुधाचं राहू दे," ते कुणाला तरी म्हणाले. "हो, राहू दे. तई बघू. आता बांबू पाठव. आणि चार माणसं."

फोन ठेवून ते आत आले आणि तिच्या पायांशी वाकले.

मी खोलीतून तिची कुंकवाची डबी आणली. नवऱ्यानं लावायचं असतं ते. चाळीस-पन्नास वर्षांत तिच्या कपाळाला मी कधी हात लावला नव्हता, ती आपलं आपण लावायची, आरशात न बघता, नेमकं मधोमध. कुंकू वाकडं लागलं आणि फार मोठं लागलं. शेजारची बाई आली, ती म्हणाली, थांबा, पुसून नीट लावते. मी तिला पुसू दिलं नाही.